कौन्सिलचा फ्लॅट: दाराच्या आत आणि दाराबाहेर

ब्रिटनमधल्या कौन्सिल इस्टेटींवर गेली पन्नास-साठ वर्षं वाद चालू आहे, आणि तो बहुतांशी रस्त्यावर उभं राहून, मान वर करून घातलेला वाद आहे. टॉवर किती उंच, काँक्रीट किती कळकट, जिने किती अंधारे, हे सगळं त्यात येतं. ज्या फ्लॅटसाठी हा खटाटोप झाला त्याचा नकाशा मात्र फारसं कुणी उघडून बघत नाही. ओटा कुठे आहे, उजेड एका बाजूने येतो की दोन, मुलांची खोली लिफ्टच्या भिंतीला लागून आहे का, हे प्रश्न मागे पडतात. नकाशे पुढ्यात घेऊन बसलं की चित्र बदलतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: दाराच्या आतला फ्लॅट हे या इस्टेटींचं सगळ्यांत यशस्वी अंग होतं. त्या फसल्या त्या बहुतेक दाराबाहेर, म्हणजे गॅलरीत, जिन्यात, लिफ्टमध्ये, बॉयलरपाशी आणि या सगळ्याच्या देखभालीचे पैसे कुणी द्यायचे या हिशोबात.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी शहरं उद्ध्वस्त झाली, आणि जी घरं उरली त्यांतल्या कित्येकांना स्वतःचा संडासही नव्हता. स्थानिक कौन्सिलांनी घरं बांधायची आणि भाड्याने द्यायची ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या ॲडिसन कायद्याने रुळली होती. आता तिला प्रचंड वेग आला. 1970 चं दशक संपताना देशातली जवळपास एक तृतीयांश कुटुंबं कौन्सिलच्या घरात राहत होती. लोकांना मात्र फ्लॅट नको होते. मास ऑब्झर्वेशन या संस्थेने 1943 मध्ये ‘पीपल्स होम्स’ हा अभ्यास छापला, त्यातही बहुतेकांनी बाग असलेलं छोटं घर मागितलं होतं. फ्लॅट ही मोठ्या शहरांची अडचण होती. जागा कमी, माणसं जास्त आणि शहराभोवतीचा हरित पट्टा अस्पर्श ठेवायचा, मग वर चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

1944 च्या डडली समितीच्या अहवालाने तीन बेडरूमच्या घराला सुमारे 900 चौरस फूट जागा असावी असं सांगितलं. त्याआधीची मर्यादा साडेसातशेच्या आसपास होती. लेबर सरकारचे आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांच्याकडे घरबांधणीचं खातं होतं; त्यांनी हा आकडा उचलून धरला, वर आणखी एक संडास मागितला, आणि 1949 च्या कायद्यातून कौन्सिलची घरं फक्त ‘कामगार वर्गासाठी’ हे शब्दच काढून टाकले. त्यांच्या काळातली घरं संख्येने कमी पण ऐसपैस निघाली. स्वयंपाकघराचाही याच सुमारास बारकाईने विचार झाला. वास्तुविशारद जेन ड्रू यांनी ओट्याची उंची, सिंक ते शेगडी हे अंतर आणि बाईची दिवसभरातली ये-जा यांचा अभ्यास केला. याच ड्रू पुढे मॅक्सवेल फ्राय यांच्यासह चंडीगडला आल्या आणि तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरांच्या रचनेत त्यांचा मोठा वाटा होता.

युद्धानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतलं काम आजही बघण्यासारखं आहे. लंडनच्या फिन्सबरी भागात बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्यांच्या टेक्टन या चमूने स्पा ग्रीन इस्टेट बांधली. 1946 मध्ये तिची कोनशिला खुद्द बेव्हन यांनी बसवली आणि 1949 मध्ये ती पुरी झाली. अभियंता ओव्ह अरूप. त्यांनी काँक्रीटच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची पेटीसारखी चौकट उभी केली, त्यामुळे खोल्यांमध्ये खांब आणि तुळया घुसल्या नाहीत. मुख्य इमारतींत बेडरूम शांत बाजूला वळवल्या. सिंकमधूनच कचरा पाण्यासोबत खाली वाहून नेणारी गार्शे नावाची फ्रेंच पद्धत बसवली. गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा केली आणि वारा आत ओढला जावा म्हणून तिच्या छपराला खास वळण दिलं. ओल्या धुण्याचा इतका विचार करणारा वास्तुविशारद विरळाच.

पिमलिकोतली चर्चिल गार्डन्स ही दुसरी. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने 1946 मध्ये स्पर्धा ठेवली आणि ती फिलिप पॉवेल आणि हिडाल्गो मोया या पंचविशीतल्या दोघांनी जिंकली. सुमारे 1,600 घरांची ही वसाहत 1962 पर्यंत बांधली जात होती. तिथल्या उंच इमारती थेम्सला काटकोनात उभ्या आहेत, म्हणजे फ्लॅटला एका अंगाने सकाळचं आणि दुसऱ्या अंगाने संध्याकाळचं ऊन मिळतं. नकाशाच्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळीच. या ब्लॉकांत लांबलचक गॅलरी नाही, काचेच्या जिन्याभोवती प्रत्येक मजल्यावर दोनच दारं आहेत. कुणाच्याही खिडकीसमोरून परका माणूस जात नाही. त्यासाठी लिफ्ट आणि जिने जास्त लागले, खर्च वाढला. घरं तापवायचं गरम पाणी नदीपलीकडच्या बॅटरसी वीजकेंद्रातून नळांनी येई. वीज तयार करताना वाया जाणारी उष्णता त्यासाठी वापरली होती. माझ्या मते युद्धोत्तर ब्रिटनमधली ही सगळ्यांत समंजस वसाहत आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी आरडाओरडा होतो हा काही योगायोग नाही.

1951 मध्ये हुजूर पक्ष सत्तेवर आला. वर्षाला तीन लाख घरांचं वचन होतं आणि गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी ते 1953 मध्ये पाळून दाखवलं. घरांची संख्या वाढली, घर आक्रसलं. 1949 च्या सुमारास हजार चौरस फुटांच्या पुढे गेलेलं सरासरी घर दशकाच्या शेवटी नऊशेच्या आसपास आलं. मग 1956 चा अनुदान कायदा झाला. इमारत जितकी उंच तितकं दर फ्लॅटमागे अनुदान जास्त. सहा मजली इमारतीतल्या फ्लॅटला साध्या घराच्या दुपटीहून अधिक पैसे मिळत, आणि त्यापुढे प्रत्येक मजल्याला वाढीव रक्कम. टॉवर वास्तुविशारदांच्या डोक्यातून आले असं म्हणायची रीत आहे. तिजोरीतून आले हेही तितकंच खरं. तरीही प्रमाण विसरू नये. उंच इमारतींची लाट शिगेला होती त्या 1966 सालीसुद्धा पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतींतले फ्लॅट मंजूर घरांच्या सुमारे चौथा हिस्साच होते.

या काळात नकाशाचे जे प्रयोग झाले त्यांचं मूळ एकाच प्रश्नात आहे: दारापर्यंत माणसाला न्यायचं कसं? लंडन काउंटी कौन्सिलचा युद्धापूर्वीपासूनचा नमुना म्हणजे विटांचा पाच मजली ब्लॉक आणि प्रत्येक मजल्यावर, आपल्या चाळीत असते तशी, सलग गॅलरी. स्वस्त आणि सोपी. पण स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या खिडक्या तिच्याकडे उघडत आणि शेजारी दिवसभर समोरून जात. यावरचा तोडगा म्हणजे मेझॉनेट, आतून जिना असलेला दुमजली फ्लॅट. एकावर एक असे दोन मेझॉनेट रचले की चार मजली इमारत होते, वरच्या घराचं दार मात्र दोनच जिने चढून लागतं, म्हणून लिफ्टही टळते. उंच आणि लांबट ‘स्लॅब’ ब्लॉकमध्ये हेच केलं तर गॅलरी एक मजला सोडून एक लागते, आणि गॅलरी नसलेल्या मजल्यावर खोल्यांना दोन्ही बाजूंनी मोकळ्या खिडक्या मिळतात. भाडेकरूंना मेझॉनेट आवडत, कारण ‘वर झोपायला जाणं’ म्हणजे त्यांच्या लेखी खरं घर.

लंडनमधल्या रोहॅम्प्टनच्या ऑल्टन इस्टेटवर हा मेझॉनेटचा विचार आणि गॅलरीच टाळणारा दुसरा विचार शेजारी शेजारी दिसतात. ऑल्टन वेस्टमध्ये रिचमंड पार्कच्या उतारावर मेझॉनेटांचे पाच लांब स्लॅब आहेत, सरळसरळ ल कॉर्बुझिए यांच्या मार्सेयमधल्या इमारतीच्या वळणावर गेलेले. ऑल्टन ईस्टमध्ये अकरा मजली पॉइंट ब्लॉक आहेत: मधोमध लिफ्ट आणि जिना, भोवती चार फ्लॅट, प्रत्येक फ्लॅट कोपऱ्यातला. दोन दिशांचा उजेड, आरपार वारा, गॅलरी नाही. यांत्रिक वायुवीजनाला परवानगी मिळाल्यामुळे बाथरूम आत, बिनखिडकीचं करता आलं आणि बाहेरची सगळी भिंत खोल्यांना मोकळी झाली. पंखा बंद पडला की त्याच बाथरूममध्ये बुरशी धरते, हा पुढचा अनुभव. बेथनल ग्रीनच्या कीलिंग हाउसमध्ये (1959) डेनिस लासडन यांनी चार पंख मधल्या लिफ्टच्या गाभ्यापासून अलग केले, म्हणजे लिफ्टची घरघर बेडरूमपर्यंत जाऊ नये.

शेफील्डचं पार्क हिल हा सगळ्यांत धाडसी प्रयोग. शहराचे वास्तुविशारद लुईस वोमर्सली, रचनाकार जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ, काळ 1957 ते 1961, घरं सुमारे हजार. टेकडीच्या उतारावर इमारत उभी, पण छप्पर सगळीकडे एकाच पातळीत. म्हणून एका टोकाला चार मजले आणि दुसऱ्या टोकाला तेरा. दर तिसऱ्या मजल्यावर सुमारे तीन मीटर रुंदीचा डेक, इतका ऐसपैस की त्यावरून दूधवाल्याची विजेवर चालणारी गाडी जाई. पाडलेल्या गल्ल्यांची नावं डेकना दिली, शेजाऱ्यांना शक्यतो शेजारीच घरं दिली. त्या डेकवरून घरात शिरायचं आणि मग वर किंवा खाली जायचं. फ्लॅट आतून उत्तम होते: दोन बाजूंनी उजेड, प्रत्येकाला सज्जा, मध्यवर्ती हीटिंग. खोट डेकमध्ये होती, आणि ती नकाशात स्पष्ट दिसते. डेककडे दारं उघडत, खिडक्या जवळजवळ नव्हत्या. ज्याला गल्ली म्हटलं तिच्यावर कुणाचा डोळाच नव्हता. अलीकडच्या नूतनीकरणात दारांशेजारी खिडक्या काढल्या गेल्या. ही दुरुस्ती मूळ नकाशावरचा शेरा म्हणूनही वाचता येते.

दर तिसऱ्या मजल्यावर मार्गिका हा विचार लंडनमध्ये वास्तुविशारद एर्नो गोल्डफिंगर यांनीही उचलला, पण डेकचा रोमँटिकपणा टाळून. बॅल्फ्रन टॉवर (1967) आणि ट्रेलिक टॉवर (1972) यांत लिफ्ट आणि जिना वेगळ्या मनोऱ्यात आहेत, तो पुलांनी मुख्य इमारतीला जोडलाय. मार्गिकेच्या वरच्या आणि खालच्या मजल्यांवरचे फ्लॅट इमारतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पसरतात. गोल्डफिंगर स्वतः 1968 मध्ये दोन महिने बॅल्फ्रनमध्ये राहिले, शेजाऱ्यांना शॅम्पेन पाजून तक्रारी विचारल्या. नाटकी वाटेल, पण अशी चौकशी करणारे थोडेच. याहून गुंतागुंतीचा लंडन काउंटी कौन्सिलचा ‘सिझर्स’ छेद: फ्लॅट अर्ध्या-अर्ध्या पातळीवर एकमेकांवरून कात्रीसारखे ओलांडतात. डेप्टफर्डच्या पेपिस इस्टेटवर तो वापरला. कागदावर देखणा, पण घरात पाऊल ठेवल्यापासून जिनेच जिने. म्हातारपणी किंवा बाबागाडी घेऊन तिथे राहणं सोपं नाही. मला तो नकाशा हुशारीच्या हव्यासाचा वाटतो.

1961 चा पार्कर मॉरिस अहवाल, ‘होम्स फॉर टुडे अँड टुमॉरो’, हा या सगळ्या कथेतला खरा मोठा दस्तऐवज. समितीचे अध्यक्ष सर पार्कर मॉरिस पूर्वी वेस्टमिन्स्टरचे टाउन क्लार्क होते, म्हणजे चर्चिल गार्डन्स बांधणाऱ्याच कौन्सिलचे. अहवालाची पद्धत नवी होती. प्रत्येक खोलीची किमान मापं ठरवण्याऐवजी घरात माणसं काय करतात ते त्याने विचारलं: मूल अभ्यास करतंय तेव्हा दुसरं कुणी रेडिओ कुठे ऐकणार, पलंगाभोवती चादर घालायला जागा आहे का, खुर्ची मागे सरकवता येते का. नकाशात फर्निचर काढून दाखवलंच पाहिजे, ही अट. त्यावरून माणसांच्या संख्येनुसार एकूण जागा ठरली: एकट्याच्या फ्लॅटला 320 चौरस फूट, दोघांना 480, तिघांना 610, चौघांना 750, पाच जणांना 850. सामान ठेवायची जागा याखेरीज वेगळी. बाहेर उणे एक अंश सेल्सियस असताना बैठकीची खोली 18 अंशांपर्यंत आणि स्वयंपाकघर 13 अंशांपर्यंत तापलं पाहिजे, हेही लिहून ठेवलं. बेडरूम तापवायची सक्ती मात्र नव्हती. तिथे मुलं अभ्यास करतील असं एकीकडे म्हणायचं आणि दुसरीकडे ती थंड सोडायची, ही विसंगती अहवालात राहूनच गेली. ही मापं 1967 मध्ये नव्या नगरांना आणि 1969 मध्ये सगळ्या कौन्सिलना बंधनकारक झाली.

दुर्दैव असं की जागेचा नियम सर्वांत उदार झाला त्याच वर्षांत बांधकामाचा दर्जा सर्वांत घसरला. कारखान्यात भिंती ओतायच्या आणि जागेवर आणून रचायच्या, ही पद्धत सरकारने पुढे रेटली. 16 मे 1968 रोजी पहाटे पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एका कोपऱ्याच्या भिंती निखळल्या आणि वरपासून खालपर्यंत बैठकीच्या खोल्या पत्त्यांसारख्या कोसळल्या. माणसं अजून झोपेत होती आणि बहुतेक मजल्यांवर बेडरूम शाबूत राहिल्या, म्हणून मृतांचा आकडा चारवर थांबला. लोक राहायला येऊन दोनच महिने झाले होते. टॉवर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला आणि अखेर 1986 मध्ये पाडला, तेव्हा सांधे किती निष्काळजीपणे भरले होते ते उघडं पडलं.

पण भाडेकरूंना रोज छळलं ते स्फोटाने नाही, ओलीने. बाहेरच्या काँक्रीटला अस्तर नाही, मजल्याचा काँक्रीट स्लॅब सज्ज्यापर्यंत सलग, म्हणजे थंडी थेट आत. जमिनीखालून विजेचं हीटिंग दिलेलं, आणि 1973 नंतर विजेचं बिल परवडेना. लोकांनी ते बंद करून रॉकेलचे हीटर आणले, त्यांची वाफ थंड भिंतींवर साचली, कोपरे काळे झाले. वर कौन्सिलचे अधिकारी सांगत की तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवता. धुणं कुठे वाळवायचं याचा विचार 1949 मध्ये झाला होता. पंचवीस वर्षांनी तोच प्रश्न भाडेकरूचा दोष ठरला.

दाराबाहेरच्या जागेची परीक्षा मँचेस्टरच्या ह्यूम क्रेसेंट्समध्ये झाली. 1972 मध्ये बांधलेल्या या चार अर्धचंद्राकार इमारतींचे रचनाकार ह्यू विल्सन आणि तेच पार्क हिलवाले वोमर्सली. डेक तेच, पण पार्क हिलमधली काळजीपूर्वक केलेली रहिवाशांची वसवणूक नाही. हीटिंग महाग, उंदीर-झुरळं डक्टमधून सगळीकडे. 1974 मध्ये एक लहान मूल डेकवरून पडून दगावलं, त्यानंतर कौन्सिलने मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना तिथून हलवायला सुरुवात केली. ज्या इमारती कुटुंबांसाठी होत्या त्या वीस वर्षांत पाडाव्या लागल्या. 1985 मध्ये ॲलिस कोलमन यांनी ‘युटोपिया ऑन ट्रायल’ या पुस्तकात चार हजारांहून अधिक ब्लॉक मोजून दोष नकाशाला दिला: एका दरवाजातून किती घरं, किती पूल, किती जिने, यावर कचरा आणि नासधूस ठरते असा त्यांचा निष्कर्ष. थॅचर सरकारने तो उचलून काही इस्टेटींवरचे पूल पाडले. टीकाकारांनी विचारलं की गरिबी, मुलांची संख्या, घरवाटपाची पद्धत यांचं काय, आणि तो प्रश्न रास्त होता. कोलमनचं मोजमाप उपयोगी आहे, त्यांचं कार्यकारण मला पटत नाही. ट्रेलिक टॉवर घ्या. 1970 च्या दशकात त्याची ख्याती इतकी वाईट की लोक तिथे घर नको म्हणत. 1980 च्या दशकात भाडेकरूंची संघटना उभी राहिली, दाराशी पहारेकरी आणि इंटरकॉम आले, आणि इमारतीची एक भिंतही न हलवता घरांना मागणी आली.

दाराबाहेरची जागाच कमी करायची, हा शहाणपणाचा मार्ग लंडनच्या कॅम्डन कौन्सिलने शोधला. तिथले वास्तुविशारद सिडनी कुक यांच्या हाताखाली नीव ब्राउन यांनी ॲलेक्झांड्रा रोड इस्टेट (1972 ते 1978, 520 घरं) आखली. रेल्वेमार्गाला पाठ करून पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकणारी इमारत, मध्ये गाड्या नसलेली रस्त्यासारखी लांब गल्ली, प्रत्येक घराचं दार उघड्या हवेत आणि प्रत्येकाला स्वतःची गच्ची. आत सरकती दारं, म्हणून बैठक हवी तशी मोठी-छोटी करता येते. हीटिंगचे नळ भिंतींतच घातलेले. उंच टॉवर न बांधता तितकीच दाट वस्ती करता येते हे तिने दाखवलं. खर्च आणि उशीर इतका झाला की चौकशी बसली आणि ब्राउन यांना ब्रिटनमध्ये पुन्हा असं काम मिळालं नाही. 2018 चं वास्तुविशारदांच्या राजसंस्थेचं सुवर्णपदक त्यांना मिळालं, त्याच वर्षी ते गेले.

14 जून 2017 रोजी लंडनमधला ग्रेनफेल टॉवर जळाला, 72 माणसं गेली, आणि सगळा वाद पुन्हा रस्त्यावर आला. हा टॉवर म्हणजे 1974 चा 24 मजली पॉइंट ब्लॉक: मजल्यावर सहा फ्लॅट, मधोमध एकच जिना. एकच जिना पुरतो, कारण प्रत्येक फ्लॅट काँक्रीटची बंद पेटी आहे, आग पेटीबाहेर जात नाही, बाकीच्यांनी घरातच थांबावं, असा त्या नकाशाचा हिशोब होता. 2016 मध्ये पुऱ्या झालेल्या नूतनीकरणात बाहेरून ज्वालाग्राही आवरण चढवलं आणि आग पेटीच्या बाहेरूनच वर गेली. मूळ नकाशाची गृहीतकं माहीत नसताना त्यावर चढवलेला हा थर होता. आता इंग्लंडमध्ये 18 मीटर किंवा त्याहून उंच नव्या निवासी इमारतींना 30 सप्टेंबर 2026 पासून दुसरा जिना सक्तीचा, असा नियम आहे.

पार्कर मॉरिसची मापं 1980 मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी भाडेकरूंना घर विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि पुढे सुमारे वीस लाख घरं कौन्सिलांच्या हातून गेली. त्यानंतर बाजाराने बांधलेले फ्लॅट पाहिले की बऱ्याच ठिकाणी मधून बोळ, दोन्ही अंगांना दारं आणि प्रत्येक घराला उजेड एकाच बाजूने, हा नमुना दिसतो. जुना कौन्सिलचा फ्लॅट लंडनमध्ये विकायला निघाला की दलाल त्याच्या खोल्यांच्या आकाराची जाहिरात करतात, ती उगाच नाही. 2015 मध्ये इंग्लंडने पुन्हा जागेचं राष्ट्रीय मानक आणलं, तेही स्थानिक कौन्सिलने स्वीकारलं तरच लागू. चौघांच्या एकमजली फ्लॅटला त्यात 70 चौरस मीटर आहेत. पार्कर मॉरिसचे 750 चौरस फूट म्हणजे जवळपास तेवढेच. फरक इतकाच की त्यांनी सामानाची जागा वेगळी धरली होती आणि आजच्या सत्तर मीटरमध्ये कपाटंही मोजलेली आहेत.